दारावरून गेलेली पालखी

फाल्गुन लागला की रत्नागिरीत मांडवीच्या वाऱ्याला एक वेगळाच कोरडेपणा येतो. समुद्र तोच, किनाऱ्यावर भेळ खायला येणारी माणसं तीच, पण संध्याकाळी मागच्या आळीतून ढोलाचा सराव सुरू होतो आणि माझं डोकं तडकतं. शेजारच्या वहिनी म्हणतात, "तुम्ही खेड्यातल्या असून तुम्हाला शिमगा आवडत नाही म्हणजे कमाल आहे." मी हसून वेळ मारून नेते. शिमगा सरला तरी कवित्व उरतं म्हणतात. आमच्या घरी एकाच शिमग्याचं कवित्व इतकी वर्षं उरलं आहे, हे त्यांना ढोलाच्या आवाजात कुठे सांगत बसू?

आमचं गाव देवरूखहून वर चढून गेलं की लागतं, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, कडेला. या दिवसांत सड्यावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. वाटेवर काजूच्या मोहोराचा गोडसर उग्र वास येतो आणि पांगारा सगळी पानं टाकून नुसत्या लाल फुलांनी उभा असतो. मुंबईचे चाकरमानी पिशव्या सांभाळत एस्टीतून उतरतात आणि वाडीत अचानक माणसांचा आवाज वाढतो. देवळात पालखीला रूपं लागतात, म्हणजे देवांचे चांदीचे मुखवटे पालखीत बसवतात, आणि देव उठून माणसांच्या घरी जायला निघतो. एरवी वर्षभर आपण त्याच्याकडे जायचं, शिमग्यात तो आपल्याकडे येणार. त्याची ओटी भरायची, त्याला घरातलं सांगायचं. मुलीचं लग्न, गाभण म्हैस, मुंबईत नोकरी न लागलेला पोरगा. देव सगळं ऐकून घेतो आणि पुढच्या घरी जातो.

दोन हजार साली तो आमच्या दारावर न थांबताच पुढच्या घरी गेला.

हे ज्याने घडवलं त्याला मी लहानपणी सुभेदारकाका म्हणत असे आणि अहोजाहो करत असे. आता करत नाही. विश्राम सुभेदार हा माझ्या बाबांच्या वर्गातला. अठराव्या वर्षी तो फौजेत गेला, उत्तरेकडच्या चौक्यांवर बर्फात उभा राहिला, मांडीत गोळी शिरलेली असताना जखमी जवानाला ओढत मागे घेऊन आला. हे खोटं नाही आणि त्यातलं मी काही काढून घेत नाही. पण तो तिकडे उभा होता तेव्हा इकडे त्याच्या म्हाताऱ्या आईच्या शेतात भात कोण लावत होतं? माझे बाबा. आधी तिचं शेत, मग आमचं. आमची लावणी दरवर्षी मागे पडायची आणि आई कुरकुरायची. बाबा म्हणायचे, "तो तितं आपल्यासाठी उबा हाय, मी हितं त्येच्यासाठी वाकलो तर काय झिजलो?"

अठ्ठ्याण्णवला सुभेदार निवृत्त होऊन कायमचा गावी आला. गावाने त्याला वेशीपासून वाजतगाजत आणला. बाबा सगळ्यात पुढे होते, त्याची लोखंडी ट्रंक डोक्यावर घेऊन. वर्षभरात तो गावकीचा प्रमुख झाला. गावकी म्हणजे गावातल्या जाणत्या पुरुषांची बैठक. देवळाचा कारभार, भांडणतंटे, मानपान, सगळं तिथे ठरतं. सुभेदाराने गावकीला शिस्त लावली. बैठकीला उशिरा येणाऱ्याला उभं राहावं लागे. शाळेचं छप्पर झालं, वाडीपर्यंत रस्ता आला. लोक म्हणू लागले, असा माणूस आमदार झाला पाहिजे. सुभेदारालाही तसंच वाटत होतं.

विधानसभेची निवडणूक जवळ आली तशी त्याने देवळात बैठक लावली. देवापुढे नारळ ठेवला. घरटी एका पुरुषाने त्यावर हात ठेवून म्हणायचं, आमच्या घरची मतं सुभेदाराला. देवापुढे दिलेला शब्द मोडायची कुणाची छाती आहे? मोठमोठ्या पुढाऱ्यांना जे भाषणं करून साधत नाही ते आमच्याकडे एका नारळाने साधतं. मी नि आई बाहेर पायऱ्यांवर बायकांमध्ये बसलो होतो. एकेक हात नारळावर पडत होता. बाबांची पाळी आली. ते उठले, देवाला नमस्कार केला आणि परत जागेवर जाऊन बसले.

"रघू, नारळ ऱ्हायला," सुभेदार म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. देवाला असल्या कामास कशास जुपतोस, विश्राम?"

"म्हंजे तुजं मत मला नाय."

"तसं मी बोललो काय? माजं मत माज्या हातात ऱ्हाऊ दे, येवडंच म्हणतो."

"मग लाव हात."

"नाय लावणार."

दोघंही हळू बोलत होते, म्हणून सगळ्यांना नीट ऐकू गेलं. वर्षानुवर्षं हुकूम सोडलेल्या माणसाला चारचौघांत 'नाही' ऐकायची सवय नव्हती. त्याने नारळाकडे बघितलं, मग बाबांकडे. मला वाटलं, आता हसेल आणि म्हणेल, तू असाच रे. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी गावकीने आम्हाला वाळीत टाकलं.

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगताना माझी पंचाईत होते. कुणी मारत नाही, शिवी देत नाही, दगड फेकत नाही. फक्त गाव तुमच्याशी बोलायचं थांबतं. गिरणीवर आईचं दळण ठेवून घेईनात. लावणीला माणूस मिळेना. पलीकडच्या घरातली गंगूकाकी आईकडून विरजण नेत असे, ती आई अंगणात आली की पाठ करायची, कारण जो बोलेल तोही वाळीत. सुभेदाराने हे सगळं एखाद्या चौकीसारखं चालवलं. पाणवठ्यावर आळीपाळीने माणूस बसे. कोण कुणाशी बोललं याची बातमी संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे पोचे. मी पोलिसांकडे गेले, तेव्हा तिथल्या हवालदाराने विचारलं, "बाई, कुणी काय केलं ते सांगा." मी म्हटलं, "कुणी काहीच करत नाही." तो म्हणाला, "मग तक्रार कसली लिहू?"

सुभेदार निवडून आला. पुढचा शिमगा आला तो त्याच्या विजयाच्या गुलालातच. वाळीत टाकलेल्या घरी पालखी जात नाही, हे आईला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने अंगण सारवलं, रांगोळी घातली, सुपात तांदूळ, खण, नारळ घेऊन ती उंबऱ्याशी उभी राहिली. मी म्हटलं, "आई, आत ये." ती म्हणाली, "माणसांनी टाकलान. देवानं कुटं टाकलान?" ढोल जवळ आले, सनई ऐकू येऊ लागली. पालखी वळणावर दिसली. पुढे सुभेदार, ताठ, मिशीला पीळ दिलेला. खांदेकऱ्यांत माझ्याबरोबर शाळेत गेलेले पोरगे होते. त्यांनी मान इतकी सरळ ठेवली होती की जणू आमच्या बाजूला घरच नव्हतं. अंगणासमोर आल्यावर सुभेदाराने हात जरासा वर केला आणि ढोल थांबले. आमच्यासमोरून देव मुका गेला. पुढच्या बांधावर पोचल्यावर ढोल पुन्हा सुरू झाले.

बाबा पडवीत बसून होते. आईने सुपातले तांदूळ परत डब्यात ओतले आणि स्वयंपाकाला लागली. त्या दिवशी घरात पुरणपोळी होती आणि ती आम्ही खाल्ली, हे मला आजही खरं वाटत नाही.

त्या दिवसापासून मला सूड हवा होता. हे मी आडवळणाने सांगत नाही. क्षमा करावी, विसरून जावं, असं सांगणारी भली माणसं मला खूप भेटली. त्यांच्या दारावरून कुणाची पालखी गेलेली नव्हती. होळीला बोंब मारायची मोकळीक असते ना, तशी मी पुढे कित्येक होळ्यांना मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्राकडे तोंड करून त्याच्या नावाने बोंब मारली आहे. लग्न झालेली, हायस्कुलात शिकवणारी बाई मी. माझा नवरा जरा अंतरावर चपला सांभाळत उभा राहायचा. "झालं?" विचारायचा. मी म्हणायचे, "यंदापुरतं झालं."

आणि सुभेदार चढत गेला. आधी आमदार, मग राज्यमंत्री. रत्नागिरीच्या रस्त्यावर सायरन वाजला की पोरं वर्गाच्या खिडकीकडे धावायची आणि मी त्यांना जरा जास्तच जोरात ओरडायची. चौकाचौकात त्याचे फलक लागले, फेटा बांधलेले, छातीवर पदकं असलेले. पुलाचं उद्घाटन त्याच्या हस्ते, शाळेचं बक्षीस त्याच्या हस्ते. त्याने कामं केली, हेही सांगते, कारण मला त्याच्याशी खोटं लढायचं नाही. आमच्या तालुक्यात पाणी आलं ते त्याच्यामुळे. फक्त आमच्या घरासमोरून गेलेल्या पाइपाला आमच्यासाठी तोटी नव्हती.

बाबा गेले ते एका मार्गशीर्षात. शेवटची वर्षं ते फार कमी बोलायचे. बोलायला माणसंच नव्हती, त्यांची सवय मोडली असावी. आमच्याकडे कुणी गेलं की घरटी एक माणूस येतो, न सांगता. त्या दिवशी कुणी आलं नाही. वाडीतल्या दारांच्या फटीतून डोळे दिसत होते, तेवढंच. एक खांदा माझ्या नवऱ्याचा, एक मामाचा, दोन खांदे देवरूखच्या कॉलेजातल्या ओळखीच्या शिक्षकांचे. त्यांना स्मशानाची वाट ठाऊक नव्हती, म्हणून पुढे मी चालले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती. ज्या दिवशी आम्ही बाबांना नेत होतो त्याच दिवशी सुभेदार एका कार्यक्रमात विद्यार्थ्यांना सांगत होता की जवान आपल्या सोबत्याला मागे टाकून येत नाही. मी तो पेपर चुलीत घातला आणि त्यावर चहा केला.

मग एका माघात तो माझ्या घरी आला. मांडवीच्या आमच्या अरुंद गल्लीत लाल दिव्याची गाडी मावेना, म्हणून चालत आला. केस पांढरे झाले होते, पण पाठ तशीच ताठ. मी बस म्हणायच्या आत खुर्चीवर बसला.

"बाय, झालं गेलं गंगेला मिळालं," तो म्हणाला. "यंदा पालखी तुमच्या दारी आणतो. मी स्वतः पुढे चालेन."

"आत्ताच का?"

"मुंबईचा एक पेपरवाला वाळीत वाळीत करून उकरतोय. विरोधकांनी पढवलेला आहे. निवडणूक आली. त्याला दाखवून देऊ, आपलं गाव एक आहे."

"गाव एक होतं म्हणूनच आम्ही बाहेर होतो."

तो मोकळेपणाने हसला. "रघूची पोर शोभतेस."

बाबांचं नाव त्याच्या तोंडी ऐकलं आणि गरम चहा त्याच्या पांढऱ्या शर्टावर ओतावा असं मला वाटलं. चहा केलाच नव्हता, म्हणून वाचला. मी सांगितलं, घर आईचं आहे, तिला विचारते. मला खात्री होती की आई त्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. शनिवारी गावी जाऊन तिला सांगितलं तर ती म्हणाली, "येऊ दे."

"आई, तो फोटो काढून घ्यायला येतोय."

"तो कशास का येईना. देव येतोय नव्हं? मी देवाला नको म्हणू?"

मला तिचा राग आला. इतक्या वर्षांचा डूख मी एकटीच धरून बसले होते की काय, असं वाटलं. परतताना एस्टीत मी तिच्यावर मनातल्या मनात इतकी चिडले की उतरायचा थांबाही चुकला.

पालखीच्या दिवशी अंगणात माणूस मावत नव्हता. कॅमेरेवाले, पोलीस, पक्षाचे कार्यकर्ते आणि त्यांच्या मागे सगळी वाडी, आमच्या अंगणात पाय ठेवायला बिचकणारी. बाबा गेल्यापासून ओटीचा मान आईचा राहिला नव्हता, म्हणून सूप माझ्या हातात होतं. पालखी अंगणात नाचली, मग पाटावर टेकली. सुभेदार शेजारी हात जोडून उभा राहिला, कॅमेऱ्यांना दिसेल असा. आता गाऱ्हाणं व्हायचं होतं. आमच्याकडे घरच्या माणसांच्या वतीने गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. मनात असो नसो, म्हणायचंच. गाऱ्हाणं सुरू झाल्यावर जो 'व्हय' गिळतो त्याच्या घरावर देवाचा कोप, असं पोराबाळांपासून सगळे मानतात.

गुरवाने घसा साफ केला. आई पुढे झाली.

"गुरवा, थांब वाईच. माज्या घरचं गाऱ्हाणं मी घालत्ये."

बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं कुणी पाहिलं नव्हतं. गुरवाने सुभेदाराकडे बघितलं, सुभेदाराने कॅमेऱ्यांकडे. मग तो मोठ्या मनाने म्हणाला, "घालू दे. माउलीचा मान आहे."

आईने पदर खोचला. "हे देवा म्हाराजा, किती वर्सांनी तू माज्या दारात आलास."

"व्हय म्हाराजा," अंगण म्हणालं.

"तू येत नव्हतास असं नाय. तुला येऊ देत नव्हते."

"व्हय म्हाराजा." हे सवयीने निघून गेलं आणि मग माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"ह्या वाडीनं आमच्याशी बोलणं टाकलान, पाणी टाकलान, विस्तव टाकलान."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हातारा ढोलकरी खाली बघत म्हणाला, "व्हय म्हाराजा," आणि त्याच्यामागे बाकीचे.

"माजा माणूस गेला तवा ह्यातलं एक माणूस खांद्यास आलं नाय."

"व्हय म्हाराजा." यात बायकांचा आवाज होता. गंगूकाकी तोंडाला पदर लावून रडत होती.

"आणि हा सगळा हुकूम ह्या सुभेदाराचा."

या वेळी थांबावं लागलं नाही. सगळं अंगण एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणालं. मुंबईचा पेपरवाला भराभर लिहीत होता. सुभेदाराचे जोडलेले हात तसेच होते, फक्त मानेवरची शीर फुगली होती. तेव्हा माझ्या अंगावर जे रोमांच उभे राहिले त्याला भक्ती म्हणता येणार नाही. मला वाटलं, एवढं पुरे, उट्टं निघालं.

आईचं संपलं नव्हतं. ती देवाकडून वळली आणि सुभेदाराकडे बघत बोलली, नेहमीच्या आवाजात.

"आणि म्हाराजा, त्या साली माज्या माणसानं मत सुभेदारालाच दिलान."

यावर 'व्हय' कोण म्हणणार? कुणाला काय ठाऊक? अंगणात पालखीचे गोंडे हलत होते तेवढाच आवाज. गोळी लागूनही न कोसळलेला तो माणूस पालखीच्या दांड्याला धरून उभा राहिला. "रघूनं?" त्याने विचारलं. आवाज मंत्र्याचा नव्हता, शाळेतल्या पोराचा होता. आई माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "ओटी भर, बाय. देवाला उशीर होतोय."

पेपरात सगळं छापून आलं. आमचं वाळीत असणं संपलं, दळण सुरू झालं, तोटी आली. सुभेदार पडला असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. तो पुन्हा निवडून आला, मोठं खातं मिळालं, आज तर त्याच्याशिवाय मंत्रिमंडळाचं पान हलत नाही म्हणतात. पण दर शिमग्याला, पालखी गेली की तो आमच्याकडे येतो. गाडी आणि पोलीस लांब बांधावर ठेवून एकटाच येतो, आईसमोर पडवीत बसतो आणि विचारतो, "वैनी, खरं सांगा. रघूनं मला मत दिलं होतं?" आई म्हणते, "देवाम्होरं सांगितलं की." मग तो बराच वेळ बसून राहतो. त्याच्याच शेतात वाकून भात लावणाऱ्या, त्यालाच मत देणाऱ्या माणसाला त्याने मुका करून मारलं, हे तो त्या पडवीत बसून पुन्हा पुन्हा बघत असणार. बघू दे.

यंदाही आला होता. थकलाय आता, उठताना खांबाला हात लावावा लागला. तो बांधापलीकडे गेल्यावर मी आईजवळ जाऊन बसले. ती काजू भाजायला बिया निवडत होती. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"आई, बाबांनी मत त्यालाच दिलं होतं ना?"

"मला कुटं ठाव?" आई म्हणाली. "तुज्या बापानं कदी सांगितलान नाय, मी कदी इचारलं नाय."

"आणि देवापुढे सांगितलंस?"

तिने एक किडकी बी उचलून अंगणात टाकली. "देवाला ठाव असंल काय ता," ती म्हणाली. "सुभेदाराला मरेस्तवर कळायचं नाय."